खंबायतचे आखात

खंबायतचे आखात : सौराष्ट्राचे द्वीपकल्प आणि गुजरातची मुख्य भूमी यांच्यामध्ये दक्षिणेकडून आत शिरलेला अरबी समुद्राचा फाटा. दीव आणि दमण यांच्या दरम्यान त्याचे तोंड सुमारे १९० किमी रुंद आहे. उत्तरेकडे जाताना दोन्ही काठ झपाट्याने जवळ येतात आणि रुंदी २५ किमीच्या आत येते. माथ्याशी साबरमती आणि मही, पूर्व काठावर ढाढर, नर्मदा, किम आणि तापी, पश्चिम काठावर शेत्रुंजी अशा नद्या त्याला मिळतात. भावनगर, अहमदाबाद, आणंद, भरूच, सुरत आणि नवसारी हे जिल्हे त्याच्या काठाने पसरले आहेत. अलंगचा जहाजतोडणीचा किनारा, दहेजचा रासायनिक पट्टा आणि हजीऱ्याचे पोलाद, वायू व खतांचे कारखाने यांमुळे देशाच्या औद्योगिक नकाशावर या आखाताचे स्थान मोठे आहे. या सगळ्यांच्या आधीपासून आणि या सगळ्यांवर हुकमत ठेवून आहे ती इथली भरती-ओहोटी. भारताच्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठेही समुद्र इतका चढत-उतरत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे २ मीटर चढते, मुंबईत ५ मीटरच्या आसपास. तिथून उत्तरेला हा आकडा वाढत जातो आणि भावनगरजवळ १० मीटर ओलांडतो. वर्षातल्या मोठ्या उधाणांना तो १२ मीटरच्या जवळ पोहोचतो. एका चारमजली इमारतीच्या उंचीइतके पाणी सहा तासांत वर येते आणि पुढच्या सहा तासांत उतरून जाते. अरबी समुद्रातून येणारी भरतीची लाट आधी मुंबई-गुजरातसमोरच्या रुंद आणि उथळ सागरमंचावर चढते, तेव्हाच तिची उंची वाढते. मग ती नरसाळ्यासारख्या आखातात शिरते. दोन्ही बाजूंनी काठ दाबत येतात, तळ वर येत जातो आणि तेवढ्याच पाण्याला उंच होण्यावाचून वाट उरत नाही. शिवाय या उथळ सागरमंचाचे आणि आखाताचे स्वतःचे आंदोलन भरतीच्या १२ तास २५ मिनिटांच्या आवर्तनाशी बरेचसे जुळते. झोका मागे येतो त्याच क्षणी नवा रेटा मिळावा, तसे इथे दर भरतीला घडते.

हे सारे पाणी आत-बाहेर करताना प्रवाहाचा वेग ताशी सहा ते सात सागरी मैलांपर्यंत जातो. त्या वेगाने तळाची वाळू आणि गाळ सतत उचलला जातो. तोंडाशी मलाका बँक नावाने ओळखले जाणारे वाळूचे लांबलचक बांध आहेत. आतल्या भागातही वाळूचे पट्टे आणि त्यांमधले नावांचे मार्ग जागा बदलत राहतात, त्यामुळे एका हंगामात तयार केलेला नकाशा पुढच्या हंगामात डोळे मिटून वापरता येत नाही. इथे समुद्र निळा दिसत नाही. तो मातकट तपकिरी असतो. या गाळात दख्खनच्या बेसाल्टची माती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या काळ्या रानातून तापीने उचललेली माती हजारो वर्षे इथेच येऊन पडली. पाणी गढूळ असल्याने प्रकाश खोल उतरत नाही. म्हणून शेजारच्या कच्छच्या आखातात जशी प्रवाळांची बेटे आहेत तशी इथे नाहीत. इथली जीवसृष्टी चिखलावर उभी आहे. पाण्यात विरणारा पालापाचोळा, त्यावर जगणारे किडे, शिंपले आणि खेकडे, त्यांच्यावर जगणारे मासे आणि पक्षी अशी ती साखळी आहे. चिखल म्हणजे पडीक जमीन, असे मानण्याची सवय नियोजनाच्या कागदांना लागली आहे. या आखाताचे निम्म्याहून अधिक दुखणे त्या सवयीतून आले आहे, असे म्हणावे लागते.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या या चिखलाच्या मैदानांची रुंदी काही ठिकाणी कित्येक किलोमीटर भरते. त्यांच्या वरच्या कडेला चेराची, म्हणजे आपल्याकडच्या तिवराची, झुडपे आहेत. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गुजरातमध्ये ११७५ चौ. किमी खारफुटी नोंदली आहे, महाराष्ट्रात ३२४ चौ. किमी. गुजरातच्या खारफुटीचा मोठा वाटा कच्छकडे असला, तरी खंबायतच्या काठावर जंबुसर, वागरा भागांत लागवडीने तिची भर पडली आहे. जिथे चेर टिकला तिथे काठ टिकतो, कोळंबीची आणि खेकड्यांची पिल्ले वाढतात. हिवाळ्यात या मैदानांवर आणि मिठागरांत रोहित आणि दूरदेशचे चिखलपक्षी उतरतात. भावनगर शहरातल्या वर्दळीच्या रस्त्यांवरच्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात, कारण पिल्लांचे अन्न त्यांना जवळच्या खाजणांत मिळते.

काठावरच्या मासेमारांचा दिवस घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठे, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि मार्च व सप्टेंबर महिन्यांतली उधाणे वर्षात सर्वांत जोरकस. हा हिशेब इथल्या शाळेत न गेलेल्या बाईलाही तोंडपाठ असतो. होडी नसलेल्या मासेमारांना गुजरातेत पगडिया म्हणतात. ते ओहोटीच्या मागोमाग चिखलात चालत जातात, आधीच रोवून ठेवलेल्या खुंट्यांना जाळी बांधतात आणि पुढच्या ओहोटीला अडकलेली मासळी काढून आणतात. बोंबील, करंदी, जवळा, खेकडे आणि लेवटा ही त्यांची मिळकत. लेवटा म्हणजे आपली निवटी. ती चिखलात बिळे करून राहते आणि ओहोटीला वर येऊन छातीकडच्या परांच्या बळावर सरपटते. तिला हाताने पकडणे हे कसबाचे काम आहे आणि त्यात बायकांचा हात मोठा असतो. सरकारी आकडेवारी होड्या आणि बंदरे मोजते. पायी मासेमारी करणारे त्या मोजणीत सहज निसटतात, आणि मग एखाद्या जेट्टीसाठी किंवा भरावासाठी किनारा घेताना तिथे कोणाचा व्यवसाय नव्हता, असे लिहिणे सोपे जाते.

या पाण्याची कीर्ती जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे भरूच, इथल्या भरतीचे सविस्तर वर्णन आहे. तळ अचानक उघडा पडतो, पाणी गर्जना करत परत येते आणि नवख्या जहाजांची दाणादाण उडते, असे तो सांगतो. राजाच्या चाकरीतले स्थानिक मासेमार मोठ्या होड्या घेऊन बाहेरून येणाऱ्या गलबतांना सामोरे जात आणि त्यांना वाट दाखवत नर्मदेत आणत, अशीही नोंद त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बंदराची सारी श्रीमंती किनाऱ्यावरच्या मासेमाराच्या ज्ञानावर उभी होती, हे त्यातून कळते. चौदाव्या शतकात इब्न बतूता खंबायतला आला तेव्हा त्याने ओहोटीत चिखलावर बसलेली आणि भरतीला पुन्हा तरंगणारी जहाजे पाहिली. अकबराने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो १५७२ मध्ये, याच गावाच्या काठी. खंबायतचा अकीक रतनपूरच्या खाणींतून येई, इथले कारागीर त्याला भाजून, घासून मणी करत आणि ते आफ्रिका-अरबस्तानापर्यंत जात. अकीक घडवण्याचे काम आजही चालते. बंदर मात्र गाळाने भरले आणि समुद्र गावापासून दूर गेला. भोगावो आणि साबरमतीच्या मधल्या लोथलचेही तसेच झाले. शि. रं. राव यांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलेले हे हडप्पाकालीन गाव आज किनाऱ्यापासून बरेच आत आहे. तिथला सुमारे २१५ मीटर लांबीचा विटांचा हौद गोदी होती की पाणीसाठा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. २००१ मध्ये आखाताच्या तळाशी बुडालेल्या नगराचे अवशेष सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुष्कळ गाजावाजा झाला. ज्या तळावरची माती रोज दोनदा हलते तिथून उपसलेल्या वस्तू मूळच्या त्याच जागच्या आहेत हे सिद्ध कसे करायचे, या प्रश्नापाशी तो दावा अडला.

मराठी इतिहासाशी या काठाचा संबंध सुरतेपुरता नाही. मोठी जहाजे तापीतून सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत, ती हजीऱ्याजवळच्या सुवाळीच्या नांगरवाड्यात थांबत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये ज्या सुरतेवर चाल केली तिची संपत्ती या उथळ पाण्यातून चढउतार होऊन येत होती. पुढे गायकवाडांची सत्ता पूर्व काठावर पसरली. खंबायतच्या नवाबाकडून मराठे चौथ घेत. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचे खंबायत आणि घोघ्याकडचे हक्क इंग्रजांकडे गेले. एकोणिसाव्या शतकात धोलेऱ्याचा कापूस मुंबईच्या बाजारात स्वतःच्या नावाने विकला जाई. धोलेऱ्याचे बंदरही पुढे गाळाखाली गेले.

गाळावर मात करण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न भावनगरने केला. भावसिंहजी गोहिल यांनी १७२३ मध्ये वसवलेल्या या शहराने शेजारच्या जुन्या घोघ्याचा व्यापार आपल्याकडे ओढला. घोघ्याचे खलाशी इतके दूर जात की लंकेची नवरी आणि घोघ्याचा नवरा अशी म्हणच गुजरातीत पडली. भावनगरच्या नव्या बंदराला १९६०च्या दशकात लॉकगेट बसवले गेले. भरतीला जहाज आत घ्यायचे, दार बंद करायचे आणि बाहेर ओहोटीत चिखल उघडा पडला तरी आतल्या खोऱ्यात पाणी धरून ठेवायचे, अशी ती योजना. ती चालली, पण जहाजांचा आकार वाढत गेला आणि खाडीत गाळ भरत राहिला. आखात ओलांडण्याच्या सोयीचीही तीच कथा आहे. घोघा ते दहेज फेरीबोट २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरहून अधिक पडणारे अंतर तिने एका लहान सागरी प्रवासावर आणले. पण नर्मदेच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाने दहेजच्या धक्क्यावर पुरेशी खोली राहीना, सेवा थांबली, आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून ती घोघा ते हजीरा अशी वळवावी लागली.

जी भरती बंदरांना जड गेली ती एका धंद्याला वरदान ठरली. भावनगरच्या दक्षिणेला सुमारे ५० किमीवर अलंग आहे. १३ फेब्रुवारी १९८३ रोजी ‘कोटा तेनजाँग’ हे पहिले जहाज तिथे किनाऱ्यावर चढवले गेले, आणि काही वर्षांत अलंग-सोसिया हा जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजतोडणी किनाऱ्यांपैकी एक झाला. इथे सुकी गोदी नाही, भल्यामोठ्या याऱ्यांची रांग नाही. आहे तो मंद उताराचा, बऱ्यापैकी टणक किनारा आणि १० मीटरची भरती. अखेरच्या प्रवासावर आलेले जहाज भावनगरसमोर नांगर टाकून तपासण्या होईपर्यंत थांबते. उधाणाच्या दिवशी, पाणी सर्वांत वर असताना, ते रिकामे आणि हलके केलेले जहाज पूर्ण वेगाने ठरलेल्या प्लॉटकडे सोडतात. ते किनाऱ्यात रुतते. ओहोटी लागली की जहाज उघडे पडते आणि माणूस चालत त्याच्या तळापर्यंत जाऊ शकतो. मग नाळेकडून कापणी सुरू होते. ऑक्सिजन आणि गॅसच्या ज्वालांनी पत्रा कापायचा, मोठे तुकडे साखळदंडाने ओढायचे, आणि हलके झालेले धूड पुढच्या उधाणाला आणखी वर खेचायचे, असे महिनोन्‌महिने चालते. लोखंड सीहोर आणि भावनगरच्या रोलिंग मिलमध्ये जाते. पलंग, कपाटे, स्वयंपाकघरातली भांडी, दिवे, दोरखंड, शौचालयातली उपकरणेसुद्धा त्रापज ते अलंग रस्त्यावरच्या खाडा म्हणवणाऱ्या दुकानांत विकली जातात. जहाजातले जवळजवळ काहीच वाया जात नाही, आणि ही गोष्ट खरोखर मोलाची आहे.

त्याची किंमत कामगार मोजतात. ते बहुतांशी ओडिशा, बिहार, झारखंड आणि उत्तर प्रदेशातून आलेले असतात. टाकीत उरलेला वायू पेटणे, वरून पत्रा कोसळणे, अॅस्बेस्टॉसची धूळ आणि शिशाच्या रंगाचा धूर छातीत जाणे ही या कामातली माहीत असलेली संकटे आहेत. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जहाजे येण्यापूर्वी ती घातक द्रव्यांपासून शक्य तेवढी मुक्त असावीत असे बजावले. २००६ मध्ये अॅस्बेस्टॉसच्या वादामुळे फ्रान्सने ‘क्लेमान्सो’ ही आपली विमानवाहू नौका अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि हाँगकाँग कराराला मान्यता दिली. तो करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. अनेक प्लॉटवर आता कापलेले तुकडे सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर उतरवले जातात, प्रशिक्षण होते, रुग्णालय आहे. सुधारणा झाली हे मान्य करायला हवे. पण मूळ पद्धत तीच आहे. जहाजाचा पहिला घाव भरतीच्या पट्ट्यात बसतो, आणि तिथे सांडलेले तेल, गंज व रंगाचे कपचे पुढची भरती घेऊन जाते. भरती फुकट मिळते म्हणून हा धंदा इथे आला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा झीज-खर्च कोणाच्याच हिशेबवहीत लिहिला जात नाही. मराठी वाचकांना अलंगचे नाव ठळकपणे आठवते ते ‘आयएनएस विराट’मुळे. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये घेतला होता. तो तडीस गेला नाही, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगला किनाऱ्यावर चढली. तिची पूर्वज ‘विक्रांत’ त्याआधी मुंबईत दारूखान्याला तोडली गेली होती.

पूर्व काठावरचे औद्योगिकीकरण वेगळ्या जातीचे आहे. ते आले वायूमुळे. वसईसमोरच्या सागरी क्षेत्रातला नैसर्गिक वायू नळातून हजीऱ्याला आणला गेला, तिथून उत्तर भारताकडे जाणारी हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी निघाली आणि खत, वीज, पोलाद, अवजड यंत्रे यांचे कारखाने तापीच्या मुखाशी एकवटले. दहेजला २००४ मध्ये देशातले पहिले द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल सुरू झाले. पुढे दहेजच्या आसपास पेट्रोलियम आणि रसायनांसाठी खास गुंतवणूक विभाग आखला गेला. अलंग भरतीच्या कलाने चालते, तर इथली बंदरे भरतीला टाळतात. काठापासून दूर, ओहोटीलाही पाणी असेल तिथपर्यंत जेट्टी नेली जाते आणि प्रवाहाच्या दिशेशी जुळवून धक्का बांधला जातो. तेथून काठापर्यंतच्या पट्ट्यात जाळी लावणाऱ्यांना मग सुरक्षेच्या कारणाने वाट बंद होते.

या कारखान्यांना आखात आणखी एका कामासाठी हवे असते. बडोद्याच्या परिसरातले प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किमी लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ महीच्या मुखात सोडले जाते. ही व्यवस्था १९८३ पासून आहे. अंकलेश्वर पट्ट्यातले पाणीही अंतिम प्रक्रियेनंतर नळाने समुद्राकडे नेले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली, तेव्हा प्रदूषणाच्या निर्देशांकात अंकलेश्वर पहिले, वापी दुसरे आणि आपले चंद्रपूर चौथे होते. सांडपाणी इथे सोडण्यामागचा तर्क साधा आहे. प्रवाह इतका जोरकस आहे की सारे विरून जाईल. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. पाणी ढवळले जाते, पण निघून जात नाही. ओहोटीबरोबर पंचवीस-तीस किलोमीटर दक्षिणेला गेलेले पाणी भरतीबरोबर बहुतांशी परत येते. आतल्या भागातून बाहेर पडण्याची त्याची निव्वळ गती या येरझाऱ्यांच्या मानाने फार थोडी असते. शिवाय जड धातू पाण्यात राहत नाहीत, बारीक गाळाला चिकटतात, आणि तो गाळ लेवटा, कोळंबी आणि शिंपले जिथे राहतात त्या मैदानांवर बसतो. २०१७ मध्ये, बडोद्याच्या पर्यावरण सुरक्षा समितीने लढवलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालू असल्याशिवाय कारखाना चालू देऊ नये असा देशभर लागू होणारा आदेश दिला. या आखाताच्या काठावरून देशाला मिळालेल्या गोष्टींत हा आदेश अलंगच्या लोखंडाइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

नद्यांची बाजूही बदलली आहे. तापीवर उकाई धरण १९७२ मध्ये झाले, महीवर कडाणा, साबरमतीवर धरोई, आणि नर्मदेवरचे सरदार सरोवर २०१७ मध्ये पूर्ण उंचीने राष्ट्राला अर्पण झाले. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, अक्कलकुव्याच्या गावांनी या धरणाची झळ पाण्याखाली जाऊन सोसली. खाली भरूचकडे ती पाणी न आल्याने बसली. गोडे पाणी कमी झाल्यावर भरतीचे खारे पाणी नर्मदेत अधिक वर शिरू लागले, विहिरी आणि शेते खारावली. पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारी हिलसा, म्हणजे आपल्याकडची पाला मासळी, ही भरूच-भाडभूतच्या माछी समाजाची वर्षभराची कमाई असे. ती रोडावली. आता खारे पाणी अडवण्यासाठी भाडभूतला नदीच्या मुखावर बंधारा हाती घेतला आहे. तो विहिरी वाचवेल. पण उरलीसुरली हिलसाही त्याच्या खालीच थांबेल, अशी मासेमारांची हरकत आहे. वरचे धरण पाणी अडवते म्हणून खालचा बंधारा बांधायचा, असा हा क्रम झाला. धरणातून मुखापर्यंत पुरेसे पाणी नियमित सोडणे हा त्यावरचा आधीचा आणि स्वस्त उपाय होता.

याहून मोठे स्वप्न कल्पसर योजनेचे. बडोद्याचे डॉ. अनिल काणे यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या या कल्पनेत भावनगर आणि भरूच जिल्ह्यांदरम्यान सुमारे ३० किमीचा बांध घालून वरच्या आखाताचे गोड्या पाण्याचे सरोवर करायचे आहे. या आखातात भरतीपासून सुमारे ७००० मेगावॉट वीज मिळू शकेल असा सरकारी अंदाज आहे, आणि कल्पसरच्या मूळ आराखड्यात अशी वीजही होती. सौराष्ट्राची तहान खरी आहे, पण नद्यांचा गाळ आणि उद्योगांचे सांडपाणी बंद सरोवरात साचू लागल्यावर काय होईल याचे उत्तर बांधाच्या आधी मिळायला हवे. अनेक दशकांच्या अभ्यासानंतरही योजना कागदावरच आहे.

नर्मदेच्या मुखात आलियाबेट आहे. तिथे फकिराणी जत पशुपालक राहतात. त्यांचे खाराई उंट पोहत खाडी ओलांडतात आणि चेराचा पाला खातात. उंटांची ही जात २०१५ मध्ये स्वतंत्र म्हणून मान्य झाली. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत या बेटावर जहाजी कंटेनरमध्ये मतदान केंद्र उभारले गेले, त्याआधी इथल्या मतदारांना दूरचा प्रवास करावा लागे. पश्चिमेला भावनगर आणि धोलेरा यांच्यामधला भाल प्रदेश इतका सपाट आहे की मोठे उधाण खाड्यांतून खूप आत शिरते. याच भालात केवळ जमिनीतल्या ओलीवर भालिया गहू पिकतो आणि वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात काळवीट चरतात. धोलेऱ्याच्या किनाऱ्यावरची काही गावे समुद्राने गिळलेल्या जमिनीमुळे मागे सरकली आहेत. तिथूनच जवळ नवे औद्योगिक शहर उभे राहत आहे.

मीठ हा या काठाचा जुना धंदा. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था १९५४ पासून काम करते. दांडीयात्रेत गांधीजींनी १९ मार्च १९३० च्या रात्री कंकापुरा इथे मही ओलांडली ती भरतीचे पाणी चढण्याची वाट पाहून, मध्यरात्रीच्या सुमारास. होडीपर्यंत पोहोचण्यासाठी साठ वर्षांचे गांधीजी चिखलातून चालत गेले. मीठ उचलले ती दांडी आणि पुढे सत्याग्रहींनी काठ्या झेलल्या ते धारासणा, दोन्ही ठिकाणे या आखाताच्या तोंडाजवळ आहेत.

भावनगरपासून सुमारे २५ किमीवरच्या कोळियाकला निष्कलंक महादेवाची पाच लिंगे समुद्रात आहेत. पांडवांनी युद्धानंतर तिथे पापक्षालन केले अशी श्रद्धा आहे, आणि भाद्रवी अमावास्येला मोठी जत्रा भरते. पूर्व काठावर कावी-कंबोईचे स्तंभेश्वर मंदिरही दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. दोन्हीकडे पंचांग आणि भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे, कारण ओहोटीत उघडी पडणारी वाट काही तासांचीच असते. चिखलावर उतरायचे असेल तर काठावरचा माणूस सोबत घ्यावा आणि तो परत फिरा म्हणाला की लगेच फिरावे. इथे पाणी सपाट मैदानावरून येते, समोरून दिसण्याआधी ते बाजूच्या खाडीतून मागे पोहोचलेले असते.